पिंपातल्या आगकाड्या

रविवार, १४ जुलै २०१९

आज सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, वस्तीच्या सभागृहात, सगळ्या ओळखीच्या माणसांसमोर, मोरियामा नावाच्या इसमाने माझ्या लाकडी पिंपाचं झाकण उचललं, नाक धरलं आणि माईकवरून जाहीर केलं, "हे तर गटार आहे."

माईकवरून! खोली एवढीशी, की शेवटच्या रांगेतला माणूस जांभई देतो तेव्हा पहिल्या रांगेला त्याचा न्याहारीचा मासा कळतो. तिथे माईक कशाला? पण वस्तीचं अध्यक्षपद मिळालं की हाताला माईक लागतोच.

मी नागासाकीच्या पोस्टात तक्रारींच्या खिडकीवर सदतीस वर्षं काढली. तेवढी वर्षं लोकांचा संताप ऐकला. तो पोस्टावर असे, माझ्यावर नाही. आमच्या मिशनच्या शाळेतल्या फ्रेंच सिस्टर म्हणायच्या, "तामाए, राग आला तर आधी केस नीट करून ये." आज मी प्रसाधनगृहात जाऊन केस नीट केले. राग तसाच होता, फक्त व्यवस्थित दिसत होता.

झालं ते लिहून ठेवते. पिंपात आहे तांदळाचा कोंडा, मीठ आणि पाण्यात कालवलेला. सासूबाईंनी लावलेला. त्यात काकडी, वांगी, सलगम पुरायचे, दुसऱ्या दिवशी काढून खायचे. मेहनत एकच: रोज हात घालून तळापासून वर ढवळायचं. नवरा गेला त्या दिवशीही मी आधी हे ढवळलं आणि मग काळा किमोनो नेसले. सासूबाईंनी मला तीनच गोष्टी दिल्या. कंगवा हरवला, नवरा गेला, कोंडा उरला आहे.

तर ही वस्तीची लोणच्यांची स्पर्धा. गेल्या वर्षी कोणीतरी दुकानातली काकडी आणून ठेवली होती, म्हणून यंदा नियम निघाला की आपापला कोंडा सहा दिवस आधी सभागृहात जमा करायचा, समितीने दिलेल्या काकड्या तिथेच सगळ्यांसमोर पुरायच्या. बाकीच्यांची प्लास्टिकची डबडी तिथल्या फ्रिजमध्ये बसली. माझं पिंप बसेना, म्हणून मागच्या कोठीत गेलं. मी बजावलं होतं, "रोज ढवळा हं." मोरियामा म्हणाला, "निश्चिंत असा."

निश्चिंत!

पहिला नंबर खालच्या घरातल्या सुमिएला. तिचा कोंडा पाकिटातून येतो.

सोमवार, १५ जुलै

पिंप घरी आणलं. आमची वस्ती डोंगराच्या अंगावर. इथे मांजरंसुद्धा मध्ये थांबून दम खातात. मी विचारात पडले होते, तेवढ्यात इदेगुची डॉक्टर न बोलावता हातगाडी घेऊन हजर. निवृत्त दंतवैद्य, विधुर, वरच्या वळणावर राहतात. या महिन्यात सभागृहाच्या वेलींना पाणी घालायची पाळी त्यांची होती, त्यामुळे तिथेच असणार.

चढताना फार गप्प होते. एकदाच म्हणाले, "तामाएबाई, त्या सात थरांखाली बिचाऱ्याचा जीव गुदमरला असेल हो."

"कसले सात थर?"

"नाही, म्हणजे... असं वाटतं."

घरी आल्यावर पिंपाच्या कडेला प्लास्टिकची फाटकी झालर दिसली. कोणीतरी पिंपाला स्वयंपाकघरातलं पातळ प्लास्टिक गुंडाळलं होतं, आणि ते उघडताना अर्धवट राहिलं होतं. मोजले. सात थर! डॉक्टरांची नजर बघा. आयुष्यभर दातांच्या फटी पाहिल्या की असं होत असावं. कडेला कागदी चिकटपट्टी, दवाखान्यात जखमेवर लावतात तसली, आणि कोपरे इतके सुबक आत दुमडलेले, की मला क्षणभर कौतुकच वाटलं. मग पुन्हा संताप.

बुधवार, १७ जुलै

वस्तीची फिरती पाटी आली. त्यावर लिहिलंय: "प्रवेशिका क्रमांक सात कुजलेली आढळल्याने बाद. आरोग्याच्या दृष्टीने संबंधितांनी ती ४ ऑगस्टपर्यंत ओल्या कचऱ्यात द्यावी. तोपर्यंत लोणच्यांचा वर्ग बंद."

वर्ग माझा. संबंधित मी. ओला कचरा, म्हणजे सासूबाई.

ही पाटी घराघरातून फिरते आणि प्रत्येक जण वाचल्याचा शिक्का मारून पुढे देतो. माझ्याआधी अकरा शिक्के पडले होते. सुमिएचा तर इतका ठळक, की शाई पलीकडे उमटली होती. मीही मारला, नियम तो नियम. पण उलटा मारला.

गुरुवार, १८ जुलै

डॉक्टर दारात. हातात मोठी लाकडी पेटी. आत सूक्ष्मदर्शक!

"हा मी दवाखान्यात वापरायचो. रुग्णाला त्याच्याच दातांवरचा मळ दाखवायचा, म्हणजे तो आयुष्यभर ब्रश करतो."

"मला का दाखवताय? माझे दात कपाटात असतात."

"दात नको. कोंडा पाहू. वास येतोय तो जुन्या लोण्याचा, पायमोज्यांचा. म्हणजे तळाशी हवा पोचली नाही आणि तिथे हवेचं वावडं असलेले जीवाणू माजले. ते नेहमीच असतात, थोडेसे. रोज ढवळलं की दबून राहतात. ढवळणं थांबलं, वरून झाकलं..." इथे त्यांना ठसका लागला. पाणी दिलं.

हवेचं वावडं असलेले! मला लगेच कार्मेलच्या ख्रिस्ती मठातल्या नन आठवल्या. जाळीच्या आत, बाहेरचं वारं वर्ज्य, आणि आत काय चालतं देव जाणे.

दुपारभर डोळा लावून बसले. आधी मला एक भलंमोठं काळं झाड दिसलं. मी ओरडले, "सापडला!"

"ती तुमची पापणी आहे," डॉक्टर म्हणाले.

शुक्रवार, १९ जुलै

आज कोंड्याचे तुकडे पाहिले. ते कागदाच्या फाटक्या कपट्यांसारखे असतात. पिठाचे कण वाटाण्यासारखे. हवेचा बुडबुडा म्हणजे काळ्या काठाचं ताट. या तिन्ही गोष्टी मी आधी जीवाणू म्हणून जाहीर केल्या. डॉक्टर हसले नाहीत. फार सभ्य माणूस.

त्यांच्या सांगण्यावरून प्रयोगही लावला. पिंपाच्या तळातून दोन वाट्या भरल्या. एकीवर प्लास्टिकचे सात थर, दुसरी उघडी, रोज ढवळायची. प्लास्टिक मलाच लावायचं होतं, पण माझा थर सुरकुततो. डॉक्टरांनी लावून दिला. काय सफाई! कोपरे असे आत दुमडले, जसे... कुठे पाहिलेत ते आठवत नाही.

रविवार, २१ जुलै

दिसल्या! काल दुपारी. आगकाड्या!

तळाचा कोंडा पाण्यात कालवून काचेवर पसरला, वाळवला, गॅसच्या आचेवरून फिरवला, जांभळा रंग ओतला, धुतला. भिंग लावलं आणि पाहते तर जांभळ्या काड्याच काड्या, आणि त्यांतल्या कितीतरींच्या एका टोकाला फुगीर गोळा, आगपेटीतल्या काडीला असतो तसा! गोळ्याला मात्र रंग नाही, चकचकीत पांढरा. डॉक्टर म्हणाले, ते त्यांचं बीज. वाईट दिवस आले की त्यात दडून बसतात. उकळलं तरी मरत नाही.

मी त्यांना गदागदा हलवलं. डॉक्टरांना, आगकाड्यांना नाही.

मधूनमधून गोळा नसलेल्या, शिस्तीत ओळ धरून उभ्या असलेल्या काड्याही होत्या. आंबट करणाऱ्या, चांगल्या घरच्या. म्हणजे सासूबाई अजून आत आहेत! अल्पसंख्य झाल्यात, पण आहेत.

आज चर्चमध्ये प्रार्थनेला गेले तर दहाही बोटं जांभळी. सुमिए कुजबुजली, "तामाएताई, रक्त गोठलंय की काय? डॉक्टरांना दाखवा."

"रोजच दाखवते," मी म्हटलं.

का कोण जाणे, सगळी ओळ वळून बघू लागली.

बुधवार, २४ जुलै

घरात धूळ साचली आहे, वाळलेले कपडे दोरीवरच आहेत, माझं लक्ष कशात नाही. जगात इतका चिखल आहे आणि मी चौऱ्याहत्तर वर्षं त्याच्या बाजूने चालत होते!

सोमवारी ओहोटीला डॉक्टर आणि मी बंदराजवळ उतरलो. वरचा चिखल तपकिरी, खालचा काळा, कुजक्या अंड्याच्या वासाचा. वरच्यात गोल गोल, आरामात फिरणारी मंडळी. खालच्यात स्वल्पविरामासारखे वाकडे, घाईत. दोन बोटांच्या अंतरात दोन देश. एक मासे धरणारा बघत होता. म्हणाला, "काय हरवलं आजी?" मी म्हटलं, "काही नाही, सापडतंय."

मंगळवारी नवऱ्याच्या थडग्यावरच्या फुलदाणीतलं पाणी. तळाच्या चिकट देठांवर आगकाड्या, वर पळीसारखे काहीतरी गरगरणारे. त्याच्याभोवती एवढी वर्दळ पाहून बरं वाटलं. जिवंतपणी तो चार शब्दांत दिवस काढायचा.

आज डॉक्टरांच्या सोनमाशांच्या पेटीतली वाळू. आणि मग खुद्द डॉक्टर! त्यांनी स्वतःहून हिरडी खरवडून दिली. दातामागच्या खोल फटीत हवा पोचत नाही, तिथेही हेच लोक राहतात म्हणे. काचेखाली बघते तर स्क्रूसारखे पिळदार, सळसळत पोहणारे.

"डॉक्टर! आयुष्यभर लोकांना ब्रश करा म्हणालात, आणि हे काय?"

"एकट्या माणसाचं लक्ष राहत नाही हो," ते म्हणाले आणि कानापर्यंत लाल झाले. बरोबर आहे. लाज वाटायलाच हवी.

जेवायला थांबले. गार शेवया केल्या. लोणचं नाही म्हणून ताट उघडं वाटलं. ते म्हणाले, "लोणचं नसलं तरी मी येईन." मी म्हटलं, "यायलाच हवं, सूक्ष्मदर्शक तुमचा आहे."

शनिवार, २७ जुलै

शंका घेऊन उठले. आगकाड्या दिसल्या हे खरं. पण त्यांना हवेचं वावडं आहे हे मोरियामा कशावरून मानणार? डॉक्टरही म्हणतात, काचेखाली चेहरा दिसतो, स्वभाव दिसत नाही. कित्येक साधे जीवाणूही काडीसारखेच. दुपारपर्यंत मला वाटत होतं, पिंप कचऱ्यात जाणार. आतून रिकामं रिकामं वाटलं. लिहिताना मान्य करते, थोडं रडलेही.

मग वाट्या उघडल्या. ढवळलेली वाटी: आंबट, स्वच्छ वास, आगकाड्या शोधाव्या लागल्या. झाकलेली वाटी: डॉक्टर खिडकीकडे धावले. तिच्यातला थेंब रंग न लावता, जिवंतच काचांमध्ये ठेवला. थेंबाच्या मधोमध आगकाड्या वळवळत होत्या, नाचत होत्या. मी काच हळूहळू सरकवत थेंबाच्या काठाकडे नेली, जिथे हवा लागते. आणि काठाशी सगळ्या थंड! निपचित! मधे जत्रा, काठाला स्मशान!

"डॉक्टर, वारं लागलं आणि बसल्या बघा!"

त्यांनी बघितलं. मग म्हणाले, दीडशे वर्षांपूर्वी एका फ्रेंच शास्त्रज्ञाने थेंबाच्या काठाशी हेच पाहिलं आणि हवेशिवाय जगणारे जीव असतात हे जगाला कळलं. "आणि तामाएबाई, तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. तुमचं तुम्हीच पाहिलंत."

मी स्वयंपाकघरात दोन गिरक्या घेतल्या. गुडघा दुखतोय. दुखू दे.

रविवार, २८ जुलै

सभागृह. प्रार्थना आटोपून सगळे आले होते. मी कास्तेला केक कापून नेला, म्हणजे कोणी मध्येच उठणार नाही. सूक्ष्मदर्शक टेबलावर, थेंब तयार.

"या अध्यक्ष. माईक ठेवा. डोळा लावा."

मोरियामा वाकला. "काळं दिसतंय."

"डोळा उघडा."

"हां... हे काय, काड्या? नाचतायत की हो!"

मी काच काठाकडे सरकवली.

"अरे! मेल्या?"

"हवा लागली."

तो बराच वेळ वाकून राहिला. हा माणूस गोदीत मुकादम होता, जहाजांच्या टाक्यांमध्ये आयुष्य गेलं त्याचं. सरळ झाला तेव्हा चेहरा निराळा होता. "बंद टाकीत आम्ही हवा सोडल्याशिवाय माणूस उतरवत नाही," तो हळू म्हणाला. "आत काय तयार होईल सांगता येत नाही. म्हणजे बाई... झाकण आम्ही ठोकलं."

"तुम्हीच ठोकलंत. आणि सहा दिवस ढवळलं नाहीत. का?"

सगळी सभा मोरियामाकडे बघू लागली. तो म्हणाला, "अहो, परक्या बाईच्या कोंड्यात हात घालायचा? ज्या घरचा कोंडा, त्याच घरचा हात लागतो त्याला! मी बायकोला म्हटलं, ती म्हणाली, आपण कसा घालायचा. सुमिएताईंना विचारलं."

"मी कशी घालणार?" सुमिए म्हणाली. "तामाएताईंच्या सासूबाईंचा कोंडा! तुमच्या लग्नाला बोलावलं होतं मला त्यांनी. इतकी का मी उद्धट आहे?"

म्हणजे सहा दिवस अख्खी वस्ती कोठीच्या दाराशी येऊन, सभ्यपणे परत गेली होती. या सभ्यतेने माझं पिंप मारलं. मला हसू आलं, आणि हसायचं नव्हतं.

"ते राहू द्या. ते सात थर कोणी गुंडाळले?"

मोरियामा छताकडे बघत म्हणाला, "आपल्या माणसाचं नाव मुकादम सांगत नाही. त्या आठवड्यात किल्ली ज्याच्याकडे होती त्याने माश्या बसू नयेत म्हणून, चांगल्या मनाने... डॉक्टर, तुम्हीच सांगा ना!"

म्हणजे शास्त्रीय बाजू. पण डॉक्टरांना नेमका त्याच वेळी केकचा घास अडकला. सुमिएने पाठ थोपटली. आणि हसली! कोणाचा जीव जातोय आणि ही हसतेय.

शेवटी मोरियामा माझ्याजवळ येऊन पुटपुटला, "चुकलं आमचं. टाकून देऊ नका पिंप. झालं ना?"

"नाही झालं. अपमान माईकवरून आणि माफी कानात?"

मंगळवार, ३० जुलै

तळाचा कुजका थर काढून टाकला. ताजा कोंडा, मीठ, मोहरीची पूड घातली. रोज दोनदा ढवळते आहे. सुमिए वर चढून आली, घामाघूम, हातात तिच्या परसातली वांगी. म्हणाली, "घालू का हात? तुम्ही म्हणालात तरच." मी म्हटलं, घाल. कोपरापर्यंत घातला तिने. तिच्या पाकिटातल्या कोंड्यात भिंगाखाली काय दिसेल, असं विचारलं. उद्या घेऊन येणार आहे. तिचा कोंडा वाईट नाही म्हणे. बघू.

आज काचेखाली ओळ धरून उभ्या काड्याच काड्या. आगकाडी एक दिसली, कोपऱ्यात, बीज कवटाळून. असू दे. प्रत्येक घरात एक असते.

संध्याकाळी वांगं काढलं. जांभळं, चमकदार, चव जुनीच. डॉक्टरांनी डोळे मिटून खाल्लं आणि रुमाल काढला. मोहरी जास्त झाली असावी.

बुधवार, ३१ जुलै

मोरियामाला पत्र लिहिलं. तक्रारींच्या खिडकीवर मी एक शिकले: जे कागदावर नाही, ते झालंच नाही.

मसुदा डॉक्टरांना वाचून दाखवला. गुंडाळणाऱ्याला मी शिक्षा सुचवली होती: महिनाभर रोज संध्याकाळी येऊन माझं पिंप ढवळायचं. डॉक्टर म्हणाले, "महिना कमी आहे."

"कमी?"

"एवढा मोठा गुन्हा. निदान वर्षभर तरी. उन्हाळा, हिवाळा, सगळं."

एवढ्या मऊ माणसाच्या पोटात एवढी कठोरता! मी म्हटलं, तो बिचारा चढ चढून रोज कसा येईल? तर म्हणाले, वरून उतरून येणारा असला तर काय हरकत. हा मुद्दा मला सुचला नव्हता. वर्ष केलं.

मग विचारू लागले, "लेखी उत्तर म्हणजे... अक्षर कसंही चाललं तरी हरकत नाही ना? समजा, त्या माणसाचं अक्षर औषधांच्या चिठ्ठ्या लिहून बिघडलेलं असेल?"

"वाचता आलं पाहिजे. बाकी माझी काही अट नाही."

"काहीच नाही?" म्हणाले, आणि माझं पेन खिशात घालून घाईने घरी गेले. पेन चांगलं आहे. उद्या परत मागायला हवं.

पत्र असं:

श्री. मोरियामा, अध्यक्ष, यांस,

१४ जुलै रोजी सकाळी दहा चाळीसला माझ्या पिंपास आपण माईकवरून गटार म्हटलंत. ते गटार नव्हतं. आपल्या कोठीत श्वास कोंडलेलं घर होतं. हे आपण स्वतःच्या डोळ्याने, दुसऱ्या प्रयत्नात, पाहिलं आहे.

तरी ज्या पाटीवरून माझी बदनामी फिरली, त्याच पाटीवरून, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, दुरुस्ती फिरावी. सर्व घरांनी सरळ शिक्के मारावेत. मीही या वेळी सरळ मारीन. कचऱ्याचा आदेश रद्द व्हावा. वर्ग पुढच्या शनिवारपासून सुरू व्हावा. त्यात सूक्ष्मदर्शक राहील आणि येणाऱ्याने आपापला चिखल आणावा.

ज्या व्यक्तीने पिंपास सात थर गुंडाळले, तिने वर्षभर, रोज संध्याकाळी, माझ्या घरी येऊन ते स्वतःच्या हाताने तळापासून ढवळावं. मान्य आहे की नाही, हे त्या व्यक्तीने स्वतः, सहीनिशी कळवावं. तोंडी उत्तर, निरोप, ठसका किंवा खोकला ग्राह्य धरला जाणार नाही.

आपलं आणि त्या व्यक्तीचं, दोन्ही लेखी उत्तरं रविवार, ४ ऑगस्ट, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या दारातल्या पेटीत पडली पाहिजेत.

उराकावा तामाए